कारण : घरगुती

सोनेतारणाच्या काउंटरवर बसलं की सोनं कशाकशातून येतं ते बघायला मिळतं. स्टीलच्या डबीतून येतं, हळदीकुंकवाच्या बटव्यातून येतं, सराफाच्या गुलाबी कागदाच्या घड्या मोडत येतं. एका आजींनी एकदा तांदळात पुरून ठेवलेलं तसंच आणलं होतं, आमच्या टेबलावर बराच वेळ तांदूळ सापडत राहिले. पण 2025 च्या मे महिन्यात, कुलरचं पाणी संपून नुसती गरम हवा येत होती अशा दुपारी, एका माणसानं माझ्यासमोर ठेवली ती दवाखान्याची पारदर्शक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यावर छापील स्टिकर. बाईचं नाव, वय 34, एफ, ॲडमिशनचा नंबर. आत काळ्या मण्यांचं डोरलं, कानातले टॉप्स, चांदीची जोडवी आणि हिरव्या काचेच्या बांगड्या. बांगड्यांतली एक पिचलेली होती, काढताना पिचली असावी.

आमच्या बँकेची शाखा नागपुरातल्या धंतोलीपासून, म्हणजे दवाखान्यांच्या भागापासून, फार लांब नाही. त्यामुळे दवाखान्याच्या फायली काखेत घेऊन आलेली माणसं आम्हाला नवीन नाहीत. एक्स-रेची मोठी पाकिटं पाठीला टेकवून ती बाकावर बसलेली असतात, छिंदवाड्याची, बालाघाटची, भंडाऱ्याची, गडचिरोलीची. हा माणूस कुहीकडचा. जनधनचं खातं आमच्याच शाखेत, कारण आधी काही वर्षं इथं बांधकामावर होता. "मॅडम, लवकर होऊन जाईन ना? चार वाजता आत घेऊन राह्यले तिले." काय झालं विचारलं तर म्हणाला, पोटात गाठ होती, तिला पीळ पडला. डिपॉझिट 60 हजार सांगितलं होतं. दहा हजार साळ्यानं फोनवर पाठवले होते. उरलेले या पिशवीतून काढायचे होते.

ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं काढून नातेवाइकाच्या हातात देतात, सही घेतात, हे मला माहीत आहे. माझ्या सिझेरियनच्या वेळी माझंही मंगळसूत्र असंच नवऱ्याच्या खिशात गेलं होतं आणि तिसऱ्या दिवशी परत गळ्यात आलं. इथं ते दवाखान्यातून रिक्षानं थेट आमच्या काउंटरवर आलं होतं.

आमचे व्हॅल्युअर म्हणजे पिढीजात सोनार, निवृत्तीच्या वयाचे, फार न बोलणारे. त्यांनी पिशवी रिकामी केली, जोडवी आणि बांगड्या बाजूला सारल्या, डोरलं कसोटीच्या दगडावर हलकंच ओढलं, थेंब टाकला, बघितलं. वाट्यांच्या आत हळद बसून पिवळट काळा थर झाला होता, तो त्यांनी नखानं खरवडला, कारण मळाचंही वजन होतं. मग हिशोब. एकूण वजन इतकं, त्यातून मणी वजा, दोरा वजा, वाट्यांत भरलेली लाख वजा. सोन्याचा भाव तेव्हा दहा ग्रॅमला लाखाच्या घरात होता. तरी खेड्यातलं जुनं सोनं, बावीस कॅरेटच्या खालचं, आणि आम्ही देणार किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत. आकडा पन्नास हजारांच्या जरा खाली आला. त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा व्हॅल्युअरकाकांकडे बघितलं आणि म्हणाला, "बाकीचं पाहून घेतो." मग फॉर्म भरायला घेतला. सोनं माझ्या मालकीचं आहे या ओळीखाली सही केली. जोडवी आणि बांगड्या परत पिशवीत घातल्या, पिशवी घडी करून खिशात ठेवली, स्टिकर आत गेलं.

तिचं सोनं तिच्याच ऑपरेशनला लागलं, मग यात खुपण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारत होते. तिला ठाऊक नसेल असंही नाही. बहुतेक तिनंच सांगितलं असेल, हे घेऊन जा म्हणून. कायदाही तसा स्पष्ट आहे. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा एकदा सांगितलं की स्त्रीधन बाईचंच, नवऱ्याचा त्यावर ताबा नाही, अडचणीत वापरलं तर परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याची. आमच्या फॉर्मवर मात्र 'मालकी' असा एक रकाना असतो आणि त्याखाली बहुतेक वेळा पुरुषाची सही असते. त्यात कुणाची लबाडी नसते, घरात सोनं सगळ्यांचंच समजतात. अंगावर मात्र ते एकीच्याच असतं, आणि उतरतं तेव्हा तिच्याच अंगावरून उतरतं. सासऱ्याचा बायपास, दिराचा अपघात, पोराचा डेंग्यू, सगळ्यांच्या वेळी. नवऱ्याची मोटरसायकल विकून बायकोचं ऑपरेशन केल्याचंही मी ऐकलं आहे, नाही असं नाही. पण मोटरसायकलवर रोजी असते. गळ्यातल्यावर रोजी नसते, म्हणून पहिला नंबर त्याचा लागतो. हा हिशोब चुकीचा म्हणता येत नाही, आणि मला तो पटतही नाही.

फॉर्मवर आणखी एक रकाना असतो, कर्जाचं कारण. त्यात खरं कारण फार कमी वेळा येतं. दवाखान्याच्या फायली हातात असतात आणि माणूस लिहितो 'घरगुती'. आजार लिहायला संकोच वाटतो, किंवा दवाखाना लिहिलं तर बँकेला वाटेल हा काही फेडणार नाही, अशी भीती. सातबारा असला तर शेतीसाठीच्या सोनेतारणाला व्याज कमी, मग बाईच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन कागदावर बी-बियाणं होऊन बसतं. कुणी उद्या आमच्या शाखेच्या आकड्यांवरून विदर्भातली माणसं सोनं का गहाण टाकतात याचा अभ्यास करायला बसलं, तर त्याला दिसेल की इथल्या लोकांना शेतीची आणि घराची फार काळजी आहे आणि तब्येती ठणठणीत आहेत.

मोठ्या आकड्यांचं मला वाकडं नाही, बँकेत असून असणार कसं. नॅशनल हेल्थ अकाउंट्स नावाचा सरकारी हिशोब निघतो. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 ला 64.2 टक्के होता, तो 2021-22 ला 39.4 वर आला. एवढी घसरण खरी असेल तर ती साधी गोष्ट नाही, आनंदच आहे. फक्त बायकोच्या गळ्यातून गेलेला खर्च कुणाच्या खिशात मोजतात, एवढं मला कुणीतरी सांगायला हवं.

करोनात हा काउंटर सर्वात जास्त पाहिला. ऑगस्ट 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेनं लोकांची अडचण ओळखून सोन्याच्या किमतीच्या 75 ऐवजी 90 टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली. चांगला निर्णय होता. मुदत 31 मार्च 2021. आता नागपूरकरांना तारखा सांगायच्या म्हणजे दुखऱ्या जागी बोट ठेवणं आहे. 15 मार्चला शहरात लॉकडाऊन लागला, आणि एप्रिल कसा गेला ते इथं कुणालाच विसरता येणार नाही. म्हणजे सवलत संपली आणि गरज सुरू झाली, अगदी लागोपाठ. मार्चअखेर आलेल्याला जितके मिळाले असते त्याहून पुढच्या आठवड्यात आलेल्याला त्याच सोन्यावर कमी मिळाले. सरकारनं खासगी दवाखान्यांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधले होते, साधा वॉर्ड दिवसाला 4,000, आयसीयू 7,500, व्हेंटिलेटर असेल तर 9,000. लोक ते आकडे पेपरातून कापून आणायचे आणि मला दाखवायचे, जणू बिल मी लावणार आहे. महागडी औषधं आणि काही तपासण्या त्या दरांत धरलेल्या नव्हत्या, हे त्यांना बिल हातात आल्यावर कळायचं. काचेपलीकडे मास्क, फेसशील्ड, सॅनिटायझरनं ओले झालेले दागिने. व्हॅल्युअरकाका हातमोजे घालून कस लावायचे आणि हातमोज्यांनी कस नीट कळत नाही म्हणून वैतागायचे. तेव्हा ठेवलेल्यातलं बरंच सोनं लोकांनी वर्षा-दोन वर्षांत सोडवून नेलं. ज्यांचं माणूस वाचलं नाही तेही आले, व्याज भरत राहिले. गेलेल्या माणसाच्या उपचाराचं व्याज भरायला येणारी बाई स्लिप भरताना काय विचार करत असेल, ते मी कधी विचारलं नाही.

आमच्या घरीही विमा होता एकेकाळी, फक्त त्याला कुणी विमा म्हणत नसे. बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते आणि आमचा दवाखाना म्हणजे सोमवारीपेठेतला कामगार विम्याचा. घर पाचपावलीत. ताप आला की आई आम्हाला घेऊन रांगेत बसायची. औषधाची बाटली घरून न्यायची, त्यात गुलाबी मिक्श्चर मिळायचं, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली. आम्हाला त्या दवाखान्याची लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणी खासगी डॉक्टरकडे जायच्या, तिथं गोळ्या रंगीत पाकिटात मिळायच्या. 2002 साली मिल कायमची बंद झाली. पगार गेला हे सगळ्यांना दिसलं. पगाराबरोबर ते पिवळं पडलेलं कार्डही गेलं, हे दिसायला दोन वर्षं लागली. 2004 च्या पावसाळ्यात बाबांच्या पोटातला अल्सर फुटला. तोवर ते ऑटो चालवत होते आणि वेळीअवेळी खात होते. सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं तर त्या रात्री ऑपरेशनला नंबर लागेना, म्हणून काकांनी उचलून धंतोलीत आणलं. दुसऱ्या दिवशी आई आणि मी इतवारीत गेलो. आईच्या हातातले सोन्याचे दोन बिलवर आणि गळ्यातला एक गोफ. सराफानं शेकडा तीन सांगितलं, महिन्याचं. बँकेतून कर्ज काढता येतं हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, पण बँकेत कागद लागतात आणि बाबांच्या पोटाला नळ्या लागलेल्या होत्या.

बिलवर परत आले नाहीत. दोन-अडीच वर्षांत व्याजच मुद्दलाच्या वर जायला निघालं तेव्हा आईनं ते सोडून दिलं, तिच्याच भाषेत सांगायचं तर "पाणी सोडलं." बाबा पुढं बरीच वर्षं जगले, व्यवस्थित जगले, सावजीचा रस्सा खाऊन आईच्या शिव्या खाल्ल्या. आई हळदीकुंकवाला जाताना काचेच्या बांगड्या भरून जायची आणि कुणी विचारलंच तर हसून म्हणायची, "माहे बिलवर ह्याइच्या पोटात आहेत." बाबाही हसायचे. मी 2008 ला बँकेत लागले तेव्हा पहिल्या पगारात काय घेऊ विचारलं, तर म्हणाली, तुझ्यासाठी घे. आज त्या मिलच्या जागी मॉल आहे. तिथल्या सरकत्या जिन्यावर आई अजून चढत नाही, लिफ्टनं जाते.

आता कुणी म्हणेल, हे जुनं झालं, आता योजना आहेत. आहेत, आणि मी स्वतः काउंटरवर बसल्या-बसल्या त्यांचा प्रचार करते, मॅनेजरसाहेब नाराज झाले तरी. महात्मा फुले जन आरोग्य योजना आधी पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती आणि दीड लाखाची होती, ती 1 जुलै 2024 पासून सगळ्या कार्डधारकांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाख. धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. निर्धन म्हणजे वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजारांच्या आत, दुर्बल म्हणजे 3 लाख 60 हजारांच्या आत. अशा रुग्णाकडून दाखल करताना डिपॉझिट मागायचं नाही. दवाखान्यांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी लावायची, बिलासाठी मृतदेह अडवायचा नाही, हे 2021 पासून नर्सिंग होमच्या नियमांत आहे. हे सगळं मला पाठ आहे. त्या दिवशीही मी त्याला विचारलं, कार्ड आहे का? "आहे ना मॅडम. त्या दवाखान्यात चालत नाही म्हणते." मग दुसरीकडे का नाही नेलं? त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं त्यात राग नव्हता, थोडी दया होती. गावच्या डॉक्टरनं चिठ्ठी या दवाखान्याची दिली, रात्री गाडीवाल्यानं इथं आणून सोडलं, बाई दुखण्यानं गडबडा लोळत होती. "तिले घेऊन किती दवाखाने फिरू?"

योजनेची खरी परीक्षा या वाक्यापाशी होते. कागदावर हक्क आहे, पण तो ठरावीक दवाखान्यात, ठरावीक आजारांच्या यादीत आणि ठरावीक कागदांसकट आहे. पोटातली गाठ पीळ घेताना यादी बघत नाही. शिवाय योजनेत ऑपरेशन झालं तरी माणसं सोनं ठेवायला येतातच, हे मी इथं बसून शिकले. आधीचं सीटी स्कॅन बाहेरून केलेलं असतं, कारण तेव्हा दाखलच नव्हते. सोबत आलेल्या तिघांचं जेवण, रामदासपेठेतल्या खोलीचं भाडं, बुडालेली मजुरी. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा साखरेचा त्रास त्यांच्या तर दर महिन्याच्या गोळ्या, ज्यासाठी ना कुणी दाखल करून घेत ना कुठला विमा लागू होत. गांधीबागेतल्या दवाबाजारातून स्वस्तात आणतात, जनऔषधीच्या दुकानात मिळाल्या तर तिथून घेतात, नाही तर एक दिवसाआड खातात. एका पेन्शनर काकांनी मला हे अगदी सहज सांगितलं होतं, "सोमवार-बुधवार-शुक्रवार बीपीची, मधल्या दिवशी साखरेची." मी काही बोलायच्या आत त्यांनी पासबुक पुढं केलं.

दवाखान्यांना नुसत्या शिव्या घालून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. आमच्या शाखेत एका तरुण डॉक्टरांचं मशीनसाठी घेतलेलं कर्ज आहे, त्यांचा हप्ता थकला की फोन मलाच करावा लागतो. योजनेतले पेशंट घेतो पण पैसे महिनोन्‌महिने अडकतात, पॅकेजचा दर परवडत नाही, असं ते सांगतात. मला ते खोटं वाटत नाही. आणि त्याच डॉक्टरांच्या रिसेप्शनवर पहिला प्रश्न 'कॅश की मेडिक्लेम?' असाच विचारला जातो, हेही मी कानांनी ऐकलं आहे. दोन्ही खरं आहे.

माझी मावशी सेवाग्रामजवळच्या खेड्यात दिली. लहानपणी दिवाळीनंतर तिच्याकडे जायचो तेव्हा धाब्याच्या खोलीत एक वेगळं पोतं असायचं, त्याला हात लावायचा नाही. दवाखान्याची ज्वारी. कस्तुरबा रुग्णालयानं आजूबाजूच्या गावांत ज्वारीवर आरोग्य विमा चालवला होता. सुगीत ज्वारी निघाली की प्रत्येक घरानं आपल्या ऐपतीप्रमाणे, जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, एका जागी जमा करायची आणि वर्षभर त्या गावाला दवाखान्यात सवलतीचे उपचार. एकट्यादुकट्यानं भरून चालायचं नाही, गावानं मिळून भरायची. पायलीनं मोजताना मावशी वर शीग लावायची. काका ओरडायचे, एवढी कशाला? ती म्हणायची, "आपण आजारी नाही पडलो तर शेजारच्या बुढीले लागन." पाच-दहा पायल्यांत विमा म्हणजे काय ते तिला पक्कं कळलं होतं. मला बँकेच्या विम्याच्या ट्रेनिंगला दोन दिवस बसवलं, तिथं हे वाक्य कुणी सांगितलं नाही. आता मावशीच्या गावात ज्वारी पेरतच नाहीत, डुकरं ठेवत नाहीत म्हणून आणि भाव नाही म्हणून. सगळं सोयाबीन आणि कापूस. सेवाग्रामचा विमा अजून आहे, पैशात भरायचा.

शहरातल्या आमच्यासारख्यांचा विमा मात्र दरवर्षी एसएमएसनं येतो आणि पोटात गोळा आणतो. बँकेत 2015 च्या वेतन करारापासून आम्हाला समूह विमा आहे, म्हणून मी सुरक्षित. पण निवृत्त झालेले आमचे जुने कॅशियर हप्ता स्वतः भरतात आणि दरवर्षी नवीन आकडा ऐकून मला फोन करतात, भरू का सोडू? हप्त्यावर 18 टक्के जीएसटी होता. त्यावर नागपूरच्या एलआयसी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं निवेदन दिलं, गडकरींनी जुलै 2024 मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, चर्चा झाली, आणि अखेर 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा कर शून्य झाला. त्या दिवशी शाखेत पेढे वाटायचे बाकी होते. सोनेतारणाच्या बाकावर बसलेल्यांना मात्र पेढे कशाचे ते कळलं नसतं. त्यांच्यापुढे प्रश्न जीएसटीचा नसतो. पस्तिशीच्या मजुरानं तब्येत चांगली असताना वर्षाला दहा-पंधरा हजार कुठल्याशा कंपनीला द्यायचे, वर्षाखेर काही परत मिळणार नाही हे माहीत असून, आणि आधीपासूनचा आजार असेल तर तीन वर्षं थांबायचं. त्याच दहा हजारांत धनतेरसला कानातले येतात, बायको खूश होते, आणि वेळ आली की ते कुठल्याही दवाखान्यासाठी चालतात. यादी नाही, वाट बघणं नाही, 'हा आजार बसत नाही' असं पत्र नाही. त्याला अडाणी कसं म्हणणार? मी त्याच्या जागी असते तर कानातलेच घेतले असते. रिझर्व्ह बँकेनंही जून 2025 मध्ये ठरवलं की अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारणाला किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायचं, 1 एप्रिल 2026 पासून. म्हणजे त्याच सोन्यावर चार पैसे जास्त. ही सोय वाढल्याचा मला आनंद होतो, आणि आपल्याला नेमक्या कशाचा आनंद होतोय असंही वाटतं.

कुहीचा तो माणूस दिवाळीनंतर व्याजाचे थोडे पैसे भरायला आला. मी त्याला लगेच ओळखलं, त्याला मात्र मी कोण ते जरा वेळानं कळलं. बायको बरी आहे म्हणाला. गाठ साधी निघाली, तपासणीला पाठवली होती त्याचे वेगळे लागले. एकूण बिल डिपॉझिटच्या दुपटीला गेलं, त्यासाठी गावातल्या एकाकडून उचलले, आधी त्याचे फेडतो आहे कारण त्याचं व्याज जास्त. म्हणून इथलं यंदा सुटणार नाही, वर्ष भरलं की नवं-जुनं करून द्या. मी विचारलं, ती काय घालते मग? "बेंटेक्सचं घेऊन देल्लं ना मॅडम, दीडशाचं. कोणाले समजत नाही." मग जरा थांबून, "तिले समजते." पावती घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि बस निघून जाईल म्हणत गेला.

यंदा मी आईचं सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढून दिलं. 29 ऑक्टोबर 2024 ला ही योजना सुरू झाली, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत. आधार, ओटीपी, चेहऱ्याचा फोटो. फोटोला ती तीन वेळा डोळे मिटून बसली. कार्ड छापून लॅमिनेट करून हातात दिलं तर आधी वासच घेतला, नव्या प्लास्टिकचा. मग नाव वाचलं.

"हे कोणाच्या नावावर आहे?"

"तुझ्या."

"बाबाचं नाव कुठं नाही?"

"नाही. तुझं एकटीचं आहे."

कामगार विम्याचं कार्ड बाबांच्या नावावर होतं, तिचं नाव आत, कुटुंबीय म्हणून. इतवारीतल्या सराफाच्या वहीतही बाबांचंच नाव होतं, बिलवर तिचे असून. हे मी तिला बोलून दाखवलं नाही, ती स्वतःच कार्ड उलटंपालटं करून बघत होती. पाच लाख म्हणजे बिलवर किती होतात, असा हिशोब तिनं तोंडी केला, आजच्या भावानं, आणि भाव ऐकून "अबब" म्हणाली. कुठल्या दवाखान्यात चालतं विचारलं. मी मोबाइलवर यादी काढून वाचून दाखवली. पाचपावलीपासून जवळ कोणता, ऑटोला किती लागतात, रात्री चालू असतो का, सगळं विचारून झालं.

"यात कवळी बसते का?" गेलं वर्षभर तिच्या खालच्या दातांचं रडगाणं चालू आहे.

"नाही. दाखल व्हावं लागतं."

"कवळीसाठी कोण दाखल करते बाप्पा!" ती म्हणाली, कार्ड देवाच्या फोटोमागं खोचलं आणि पुढच्या महिन्याची भिशी कोणाला लागते ते बघायला वही काढून बसली.